फेरविचाराची तारीख

नैराश्याची गोळी एका दिवसात सुरू होते. उपचार एका दिवसात ठरत नाही. तो पुढच्या महिन्यांत, कधी वर्षांत, ठरत जातो.

पहिली चिठ्ठी हा डॉक्टरांचा अंदाज असतो. अभ्यासातून, अनुभवातून आलेला, तरी अंदाजच. कुणाला कोणती गोळी लागू पडेल हे आधी सांगणारी खात्रीची रक्ततपासणी अजून हाती नाही, तसा मेंदूचा फोटोही नाही. पहिला अंदाज बरोबर होता का, हे दुसऱ्या भेटीत कळतं. म्हणून पहिल्या भेटीइतकीच दुसरी मोलाची.

पहिल्या भेटीला माणूस सगळं धैर्य गोळा करून येतो. दुसऱ्या भेटीला अधिक धैर्य लागतं, कारण तोवर त्रास सुरू झालेला असतो आणि गुण आलेला नसतो.

*

या औषधांचा क्रम उलटा आहे. त्रास आधी, गुण मागाहून. मळमळ, जड डोकं, तगमग, उडालेली झोप हे सगळं पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. मन उभारी धरायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. ज्याला उद्याचा दिवस नको झालाय त्याला आपण महिनाभर थांब म्हणतो. का थांबायचं, हे समजावून सांगणं औषधाचाच भाग आहे. ते न सांगता दिलेली गोळी अर्धीच दिलेली असते.

पुष्कळांचा उपचार इथेच संपतो. घरचे म्हणतात, "बघ, गोळीनं आणखीच बिघडलं." ते खोटं बोलत नसतात. त्यांना पुढचं कुणी सांगितलेलं नसतं.

तरुण मुलामुलींच्या बाबतीत हे दिवस अधिक जपायचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी, आणि २००७ मध्ये १८ ते २४ वयाच्या तरुणांसाठीही, या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या इशाऱ्यावरून औषध नाकारू नये. औषध देऊन त्या मुलाला एकटं सोडू नये, एवढं त्यातून शिकावं. घरच्यांना कुठे फोन करायचा ते आधीच माहीत हवं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

*

सुरुवातीची तगमग शमावी म्हणून सोबत शांत झोपेची एक छोटी गोळी देतात. दोन-तीन आठवड्यांसाठी. पुष्कळ घरांत ती दोन-तीन वर्षं चालू राहते. मूळ गोळी बदलते, डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, छोटी गोळी तशीच राहते. तिची सवय लागते, आणि लोक नाव घेतात मूळ गोळीचं: "या गोळ्यांची सवय लागते."

चिठ्ठीत आलेली गोळी आपण होऊन जात नाही. तिला कुणीतरी निरोप द्यावा लागतो.

*

नैराश्याच्या औषधांतली पहिली दोन मुळात त्यासाठी शोधलेलीच नव्हती. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू हॉस्पिटलात, क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. अंथरुणाला खिळलेले रोगी हसू-बोलू लागले, त्यांना भूक लागू लागली. स्वित्झर्लंडमध्ये, म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात, रोलांड कून यांनी इमिप्रामिन स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं. तिथे त्याचा उपयोग झाला नाही. पण खोल नैराश्यातल्या काही रुग्णांमध्ये त्यांना निराळा बदल दिसला, आणि १९५७ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला.

दोन्ही ठिकाणी औषध एका कामासाठी दिलं होतं आणि गुण दुसरीकडे आला. तो दिसला, कारण गोळी दिल्यावरही कुणीतरी रुग्णाकडे पाहत होतं. या उपचाराचा जन्मच रुग्णाकडे पुन्हा पाहण्यातून झाला आहे.

इप्रोनियाझिडनं यकृताला इजा होते हे पुढे कळलं आणि ते मागे घेतलं गेलं. १९८७ च्या डिसेंबरात फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या औषधांहून ते जोरकस नव्हतं. सोसायला सोपं होतं, आणि कुणी जास्त गोळ्या घेतल्या तरी तितकं घातक नव्हतं. त्यामुळे कितीतरी जीव वाचले असतील. पण सोसायला सोपी असलेली गोळी चालू ठेवायलाही सोपी असते. जिचा त्रास होत नाही तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

*

'स्टार-डी' या अमेरिकी अभ्यासात चार हजारांहून अधिक रुग्ण होते. निष्कर्ष २००६ मध्ये आले. सगळ्यांचं पहिलं औषध एकच: सिटालोप्राम. सुमारे एक तृतीयांश रुग्णांचं नैराश्य पुरतं ओसरलं. उरलेल्यांसाठी दुसरी पायरी: औषध बदला, नाहीतर जोड द्या. मग तिसरी, मग चौथी. दुसऱ्या पायरीवर यश थोडं घटलं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ते सात-आठांत एकावर आलं.

चारही पायऱ्यांची बेरीज करून तेव्हा सांगितलं गेलं की दोन तृतीयांश रुग्ण बरे होतात. या बेरजेत एक गोष्ट धरून चालली होती: मधेच कुणी सोडून गेलं नाही तर. प्रत्यक्षात पुष्कळ जण गेले. २०२३ मध्ये तेच आकडे अभ्यासाच्या मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा तपासले, तेव्हा बेरीज सुमारे ३५ टक्क्यांवर आली.

त्या दोन बेरजांमधल्या तफावतीला इतरही कारणं आहेत. पण मोठी जागा आहे मधेच निघून गेलेल्यांची. ते का गेले, हे कुठल्याही गोळीच्या नावावर लिहिता येत नाही.

*

रुग्ण म्हणतो, "मला औषध लागू पडत नाही." खरं वाक्य असं असायला हवं: "हे औषध, एवढ्या मात्रेत, एवढ्या दिवसांत लागू पडलं नाही." पहिल्या वाक्यात माणूसच दोषी ठरतो. दुसऱ्यात पुढे काय करायचं ते सुचतं.

बदलायला खूप काही आहे. मात्रा वाढवता येते. त्याच जातीची दुसरी गोळी देता येते, किंवा वेगळ्या जातीची. झोप आणि भूक गेलेल्याला मिर्टाझापिन, अंगदुखीनं पिळलेल्याला ड्युलोक्सेटिन. लिथियमची जोड देता येते. समुपदेशनाची जोड तर पहिल्या दिवसापासून देता येते. आणि जिथे माणूस अन्नपाणी सोडतो, तिथे आजही विजेचे उपचार जीव वाचवतात. भूल देऊन ते केले जातात. सिनेमानं रंगवलेलं त्यांचं चित्र आता पुसायला हवं.

पण बदलण्याआधी विचारायला हवं. गोळी खरंच घेतली जाते का? थायरॉइड तपासलं का? बी-१२ बघितलं का? दारू किती? घरी काय चाललंय?

नवरा मारतो, हे केसपेपरवर कुठे लिहायचं? कर्ज, कोर्टकज्जा, पोराचं व्यसन कुठल्या रकान्यात भरायचं? ते न लिहिता मात्रा वाढवत राहिलं, तर आपण दुखणं कमी करत नाही. सोसायची ताकद वाढवत राहतो. आणि सोसणाऱ्याच्या वाट्याला आणखी सोसणंच येतं.

*

कधी औषधामुळे निदानच बदलतं. नैराश्याची गोळी सुरू होते आणि माणूस नको इतका उत्साहात येतो. झोपेची गरज उरत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, बोलणं थांबत नाही. घरच्यांना वाटतं, गुण आला. हा आजार कदाचित दोन टोकांचा असतो, आणि त्याचं एकच टोक आजवर दिसलेलं असतं. तिथे नुसती नैराश्याची गोळी अपाय करू शकते. सगळा उपचारच नव्यानं मांडावा लागतो.

म्हणून 'बरा झाला' एवढं पुरेसं नसतं. कसा बरा झाला, हेही सांगावं लागतं. आणि ते रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त दिसतं.

*

"मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय," असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. दोष माणसावरून उतरून रसायनावर जावा, एवढीच इच्छा होती. पण २०२२ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सेरोटोनिनच्या कमतरतेनं नैराश्य येतं याला सातत्यानं आधार देणारा पुरावा दिसला नाही.

त्यावरून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण, एकत्र तपासले गेले. सगळीच औषधं रिकाम्या गोळीहून सरस ठरली. सरासरी फरक मात्र मोठा नव्हता. सरासरी कुणाच्याच घरी राहत नाही: एकाला जीवदान मिळतं, दुसऱ्याला काहीच होत नाही, आणि कागदावर दोघांचा मिळून थोडासा फरक दिसतो.

गुण येण्यासाठी कारण कळावंच लागतं असं नाही. पण कारणाची चुकीची गोष्ट सांगितली की उपचाराचा कालावधीही चुकतो. 'कमतरता आहे' असं ऐकलेला माणूस मनात धरतो की भर आयुष्यभर घालावी लागणार. मग तो एक तर कधीच थांबत नाही, नाहीतर चिडून एका रात्रीत थांबतो.

*

"बीपीच्या गोळीसारखीच समजा," असं दवाखान्यात सांगतात. लाज कमी व्हावी यासाठी ही तुलना चांगली. पण बीपीला यंत्र आहे. पट्टा बांधला की आकडा येतो, आणि आकड्यावर गोळी कमी-जास्त होते. मनाच्या बाबतीत आकडा माणसाच्या तोंडून यावा लागतो. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात: गेल्या दोन आठवड्यांत रस वाटला का, झोप कशी, भूक कशी. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. ती भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

ती पाच मिनिटं गर्दीच्या ओपीडीत सापडत नाहीत. मग विचारलं जातं, "कसं चाललंय?" उत्तर येतं, "ठीक." आणि जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहते.

'ठीक'मध्ये खूप काही दडून राहतं. वजन वाढलंय. नवरा-बायकोच्या जवळिकीत अडचण आलीय. ही तक्रार या औषधांत नेहमीची, आणि सांगायला सगळ्यांत अवघड. रडू येत नाही, पण घरात नातू आला तरी मन उचंबळत नाही. रुग्णाला वाटतं, बरं होण्याची ही किंमत असावी. ती किंमत भरण्याआधी एकदा विचारून पाहावं. पुष्कळदा मात्रा बदलून, गोळी बदलून ती कमी होते.

*

उपचारातला फसवा दिवस म्हणजे बरं वाटू लागल्याचा दिवस. "आता बरं आहे, मग कशाला?" हा प्रश्न शहाणपणाचाच असतो. त्याचं उत्तर देणारं मात्र समोर हवं.

बरं वाटणं आणि बरं होणं यांत काही महिन्यांचं अंतर असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते की लक्षणं ओसरल्यावरही नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवावं, आणि मग थांबवण्याचा विचार करावा. ज्यांना हा आजार पुन्हापुन्हा येतो त्यांनी त्याहून अधिक काळ. सूचना दोन भागांची आहे. पहिला भाग 'चालू ठेवा', दुसरा 'थांबवण्याचा विचार करा'. पहिल्याकडे दुर्लक्ष झालं तर आजार उलटतो. दुसऱ्याकडे झालं तर वर्षं सरतात.

*

थांबवावं की चालू ठेवावं? इंग्लंडमध्ये २०२१ साली एका चाचणीचे निष्कर्ष आले. ४७८ माणसं, बराच काळ औषध घेणारी, आणि आता थांबवता येईल इतकं बरं वाटणारी. निम्म्यांचं औषध तसंच ठेवलं, निम्म्यांचं हळूहळू काढून घेतलं. कुणाच्या गोळीत औषध आहे हे कुणालाच सांगितलं नाही. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा नैराश्यात गेले. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के.

औषधाच्या बाजूचा माणूस म्हणेल, बघा, थांबवलं की घसरतात. विरोधातला म्हणेल, बघा, थांबवूनही शंभरातले ४४ ठीक राहिले. दोघेही खरे. आपण ५६ मधले की ४४ मधले, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी आपला इतिहास लागतो: किती वेळा पडलो, किती खोल पडलो, आता आजूबाजूला कोण आहे, आणि पुन्हा घसरू लागलो तर सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येईल.

*

थांबवताना लोक अर्धी गोळी करतात, मग एकदम बंद. हिशेब सोपा वाटतो. पण मेंदूतलं गणित तसं चालत नाही. फ्लुओक्सेटिन, सिटालोप्राम यांच्या जातीच्या औषधांची नेहमीची कमीत कमी मात्राच सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के जागा अडवते. मात्रा अर्धी केली तरी अडवलेल्या जागा अर्ध्या होत नाहीत, थोड्याच कमी होतात. खरी मोठी घसरण शेवटच्या लहानशा तुकड्यात असते. म्हणून शेवटी शेवटी पावलं अधिक लहान हवीत, अधिक सावकाश हवीत. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हे नीट मांडलं, आणि त्यानंतर इंग्लंडच्या मार्गदर्शिकाही बदलल्या.

एकदम थांबवलं की चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, विचित्र स्वप्नं, चिडचिड. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात रेंगाळतं, म्हणून त्यात कमी. थांबवल्यावर दोन-चार दिवसांतच आलेला त्रास बहुधा गोळी सुटल्याचा असतो. आजार उलटतो तो सहसा सावकाश, आठवड्यां-महिन्यांनी. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी जण घाबरून पुन्हा गोळी सुरू करतात आणि म्हणतात, "मला आता ही जन्मभर लागणार."

हळू थांबवणं हाही उपचारच आहे. त्यालाही डॉक्टर लागतो.

*

गोळी तीच राहते, माणूस बदलतो.

लग्न ठरतं. सासरी कळू नये म्हणून मुलगी डबी माहेरीच ठेवून जाते. नवं घर, नवी माणसं, अपुरी झोप, आणि त्याच आठवड्यात औषध एकदम बंद. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. दिवस राहतात, घाबरून गोळी टाकली जाते. पोटातल्या बाळासाठी गोळीचा विचार करायचा तसा आईच्या नैराश्याचाही करायचा असतो. उपचाराविना राहिलेलं नैराश्य बाळालाही सोसावं लागतं. हा निर्णय दिवस राहण्याआधी, दोघांनी डॉक्टरांसमोर बसून घेतला तर उत्तम.

वय वाढतं. पन्नाशीत सोसलेली गोळी सत्तरीत रक्तातलं सोडियम उतरवू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती रक्तस्राव वाढवू शकते. सिटालोप्रामच्या मात्रेवर साठीनंतर मर्यादा घातली गेली ती हृदयाच्या ठोक्यांमुळे. आजोबांच्या डबीत हृदयाच्या, साखरेच्या, सांध्यांच्या गोळ्या वाढत जातात. त्या लिहिणारे डॉक्टर वेगवेगळे. सगळी डबी एकत्र उघडून बघणारं कुणीतरी एक हवं.

*

आपल्याकडे या सगळ्याआधीचाच प्रश्न मोठा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. एकीकडे ज्याला गोळी हवी त्याला ती मिळत नाही; दुसरीकडे ज्याला मिळाली त्याला ती कधी थांबवायची हे कळत नाही. दोन्ही दुःखांचं मूळ एकच. विचारणारं माणूस नाही.

ते तयार करता येतं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं ते करून दाखवलं. आरोग्य केंद्रांत स्थानिक मदतनीस नेमले. त्यांना आरोग्यक्षेत्राचं पूर्वशिक्षण नव्हतं, त्यांना तयार केलं गेलं. ते रुग्णाशी बोलत, गोळी घेतली का विचारत, आला नाही तर पाठपुरावा करत. गरज असेल तिथे डॉक्टर फ्लुओक्सेटिन देत, आणि अधूनमधून मानसोपचारतज्ज्ञ येत. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत, सहा महिन्यांनी, मदतनीस असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते; नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२. दोन्हीकडे डॉक्टरांना तपासणीचा निकाल कळवला जात होता, उपचाराची मार्गदर्शिका दिलेली होती. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथले रुग्ण मदतनीसाशिवायही सुधारले. तिथला डॉक्टर बहुधा घर ओळखणारा होता, आणि विचारपूस आधीपासूनच होत होती.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' उपक्रमानं गावातल्याच कार्यकर्त्यांकडून हे काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्के होतं. दीड वर्षात ते २७.२ वर गेलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ओळखल्या जाणाऱ्या विदर्भात हे घडलं, म्हणून ते कुठेही घडू शकतं.

*

चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, मात्रा असते, सकाळ-रात्र असते. आणखी दोन ओळींची जागा हवी: ही गोळी कशासाठी दिली, आणि तिचा फेरविचार कधी करायचा.

डॉक्टरांनी त्या दोन ओळी लिहाव्यात. लिहिल्या नाहीत तर रुग्णानं मागाव्यात. रुग्णाला तेवढं बळ नसेल तर सोबत आलेल्या भावानं, मुलीनं, मैत्रिणीनं मागाव्यात. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर नवी पट्टी घेताना, ती चिठ्ठी कोणत्या तारखेची आहे हे एकदा वाचावं.

ती तारीख वर्षभर जुनी असेल, तर गोळी आपल्या मनानं बंद करू नये. डॉक्टरांची वेळ घ्यावी.